केंजळे सरांचा गनमॅन

श्यामकांत केंजळ्यांना गोळी घालावी असं पंजाबातल्या एखाद्या अतिरेक्याला वाटलं असेल, यावर त्यांच्या थोरल्या बहिणीचा कधीच विश्वास बसला नाही. ‘एक गोळी कोण फुकट घालवेल?’ असं ती भावजयीला म्हणाली होती, आणि ते श्यामकांतांनी ऐकलं होतं.

बहिणीचं नाव सरोज. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर म्हणून निवृत्त झालेली, बिनलग्नाची. कराडचं घर भावांच्या वाटण्यांत गेलेलं, म्हणून नव्वद साली ती धाकट्या भावाकडे चंदीगढला राहायला आली. श्यामकांत विद्यापीठात इतिहास शिकवत. सेक्टर अकरामध्ये एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, तळमजला त्यांनी भाड्याने घेतला होता. पुढे हिरवळ, एक जांभळाचं झाड, पत्र्याचं फाटक. घरात ते आणि त्यांची बायको नीला. मुलगी लीना दिल्लीला कॉलेजात होती आणि फोनवर आईच्या मराठीला हिंदीत उत्तरं द्यायची.

त्या वर्षी श्यामकांतांनी एका इंग्रजी वर्तमानपत्रात सरहिंदपर्यंत पोचलेल्या मराठ्यांवर लेख लिहिला. दोन दिवसांनी घरी फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, “प्रोफेसर साहब, ज़रा संभल के लिखा करो,” आणि फोन ठेवला. सरोजच्या मते तो एखादा नापास झालेला विद्यार्थी असावा, नाहीतर तो लेख शेवटपर्यंत वाचलेला एकुलता एक वाचक. पण श्यामकांतांनी कुलगुरूंपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना भेटून स्वतःसाठी गनमॅन मिळवला.

चंदीगढात तेव्हा गनमॅन ही पदवीसारखी गोष्ट झाली होती. ज्यांना खरोखर धोका होता असे लोक होते, रोज कुणी ना कुणी मरत होतं. पण ज्यांना नव्हता त्यांनाही तो हवा होता. कुणाकडे किती आहेत आणि त्यांच्या खांद्यावर काय आहे, यावर लग्नात खुर्ची कुठे मिळते ते ठरे. समोरच्या कोठीत निवृत्त न्यायमूर्ती मेहंदीरत्ता राहत. त्यांच्याकडे दोन गनमॅन होते, दोघांकडे एके-फॉर्टीसेव्हन. अतिरेक्यांकडून जप्त केलेल्या एके तेव्हा पोलिसांच्या हातांत दिसायला लागल्या होत्या.

केंजळ्यांना मिळाला करनैल सिंग, पन्नाशीचा हवालदार, आणि त्याच्याबरोबर एक थ्री-नॉट-थ्री रायफल. करनैल जांभळाखाली खुर्ची टाकून बसे, नीलाने दिलेला चहा पिई आणि दुपारी घोरे. सरोजला तोही आवडत नव्हता. “रखवालीला ठेवलाय की कुंपणाला टेकवून ठेवलाय?” ती विचारी. श्यामकांतांचा राग मात्र माणसावर नव्हता, रायफलीवर होता. मेहंदीरत्तांकडे चहाला जाताना ते करनैलला घरीच ठेवत. ती लाकडी रायफल त्यांना जुन्या छत्रीसारखी वाटायची.

एका रविवारी महाराष्ट्र मंडळाची दोन माणसं सकाळी घरी आली, बँकेतले राजाभाऊ आणि मोठ्या हॉस्पिटलात काम करणारे डॉक्टर विलास. पोहे झाले, आणि अपेक्षेप्रमाणे गोष्ट रायफलीवर आली.

“थ्री-नॉट-थ्री म्हणजे दर गोळीला बोल्ट ओढा,” राजाभाऊ म्हणाले. “तोवर समोरचा आपलं काम उरकून घरी जाऊन जेवायला बसेल.”

“तेच म्हणतोय मी,” श्यामकांत म्हणाले. “एकेला नेमसुद्धा धरावा लागत नाही. त्या दिशेला तोंड केलं की झालं.”

विलास म्हणाले, “तिची गोळी हवेत आडवीतिडवी गरगरत जाते म्हणे. म्हणून लागली की चिंधड्याच.”

“छे, छे! ती मुळात मारायला बनवलेलीच नाही,” राजाभाऊंनी दुरुस्ती केली. “जखमी करायला बनवलीय. एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघं लागतात, म्हणजे एका गोळीत तिघं बाद. काय डोकं लावलंय बघा रशियनांनी.”

सरोजने कप खाली ठेवला. “विलास, तुम्ही कशाचे डॉक्टर?”

“त्वचारोग, ताई.”

“तरीच.” ती खुर्चीत ताठ बसली. “गोळी नळीतून निघताना भोवऱ्यासारखी फिरते, ती सरळ जावी म्हणून. हवेत आडवी व्हायला लागली तर समोरच्या भिंतीला लागायची नाही. ती आडवी होते शरीरात शिरल्यावर, आणि तेही बरीच आत गेल्यावर. श्रीलंकेच्या लढाईतून आमच्या हॉस्पिटलात जखमी मुलं यायची. तीच रायफल, तीच गोळी. एकाच्या दंडाला पेन्सिलीएवढं भोक, आरपार, पंधरा दिवसांत पत्ते खेळायला लागला. आणि दुसऱ्याच्या पोटात…”

“ताई, खातोय आम्ही,” श्यामकांत म्हणाले.

“खा. आणि राजाभाऊ, ती मारायला बनवलेली नाही, हे मेलेल्यांना कुणीतरी कळवायला हवं होतं. फार गैरसमजात गेले बिचारे.”

नीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. राजाभाऊ हसावं की नाही अशा चेहऱ्याने पोह्यांत चमचा फिरवत राहिले.

श्यामकांतांना मात्र हसू आलं नाही. “तू नर्स होतीस ताई. शस्त्रं हा तुझा विषय नाही.”

“आणि तुझा आहे? तू कुठे पाहिलीस रे एके? मेहंदीरत्तांच्या फाटकावर. कारकुनाने हत्तीची अंबारी बघावी तशी.”

त्यानंतर आठवडाभर भाऊ बहिणीशी बोलला नाही. पण त्या आठवड्यात तो सेक्टर नऊमधल्या पोलीस मुख्यालयात तीनदा जाऊन आला, आणि डिसेंबर उजाडता उजाडता करनैल सिंग आपली रायफल आणि चहाचा पेला घेऊन गेला. त्याच्या जागी सतपाल आला. तिशीचा, दाढी कोरलेला, आणि छातीवर आडवी एके.

श्यामकांतांची चाल बदलली. ते सुखना तळ्यावर फिरायला जाऊ लागले. पूर्वी कधी जात नसत. सतपाल चार पावलं मागे. ओळखीचं कुणी भेटलं की ते थांबत आणि उगाच मागे वळून म्हणत, “सतपाल, ठीक है?”

सरोजने सतपालला पहिल्याच दिवशी गाठलं. “आधी कोणती रायफल होती?”

“एसएलआर जी. सहा साल.”

“आणि ही कधी चालवलीस?”

तो थोडा लाजला. “मिली है अभी, मॅडम. चलाई नहीं. पर यह तो बच्चा भी चला ले.”

सरोज थेट भावाच्या खोलीत गेली. “तुझ्या त्या वीराने ही रायफल एकदाही चालवलेली नाही. चंडीमंदिरच्या छावणीत माझ्या ओळखीचे एक कर्नल आहेत. त्यांच्या रेंजवर एक सकाळ पाठव त्याला. साईट त्याच्या डोळ्याला जुळवून घेऊ दे, खटके कळू देत.”

“एकेला साईट जुळवायची नसते,” श्यामकांत पेपरातून डोकं न काढता म्हणाले. “ती फवारा मारते. हाच तर तिचा फायदा आहे.”

“फवारा झाडांना घालतात, श्याम.”

“आणि एक सकाळ तो तिकडे गेला तर इथे कोण?”

“इथे तुला काय होणार आहे?”

हे तिने म्हणायला नको होतं. श्यामकांतांच्या दृष्टीने त्यापेक्षा मोठा अपमान नव्हता. सतपाल रेंजवर गेला नाही.

जानेवारीत धुकं पडलं की चंदीगढ दुपारपर्यंत दिसत नाही. त्या दिवशी बारा वाजता ऊन आलं तेव्हा श्यामकांत हिरवळीवर वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसले. नीला दोरीवर कपडे घालत होती. सरोज व्हरांड्यात लोकर विणत होती. सतपाल जांभळाखाली उभा होता.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. वर दोन तरुण. चालवणारा उघड्या डोक्याचा. मागचा पगडीवाला, अंगाभोवती घोंगडीसारखी राखाडी लोई गुंडाळलेला. मोटारसायकलवर दोघं आणि मागच्याच्या अंगावर लोई: त्या वर्षांत पंजाबात हे चित्र बघून दुकानदार शटर ओढत. पण कडाक्याच्या थंडीत पंजाबातला अर्धा पुरुषवर्ग लोई घेऊनच हिंडतो. मागचा तरुण उतरला. त्याने फाटक ढकलून थोडं उघडलं, श्यामकांतांना पाहून हसला, एक हात कपाळाकडे नेला आणि दुसरा लोईच्या आत घातला.

“ओए!” सतपाल ओरडला.

मग तो आवाज झाला. एकच लांब, फाडल्यासारखा आवाज. सरोजने पाहिलं की रायफलीचं तोंड सतपालच्या हातात वर आणि उजवीकडे चढत गेलं, जणू ती त्याला ओढून नेत होती. फाटकाचा पत्रा वाजला. खांबाचं प्लास्टर उडालं. रस्त्यापलीकडे मेहंदीरत्तांच्या सज्ज्याच्या भिंतीवर धूळ उठली, आणि त्याही वर, गच्चीवरच्या टाकीतून पाण्याची बारीक धार सुटली. मग सगळं थांबलं. सतपाल हातातल्या रायफलीकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

लोईवाला फाटकात बसला होता. मांडी दोन्ही हातांनी धरून तो आश्चर्याने म्हणत होता, “सर जी, मैं जगतार. सर जी, मैं जगतार.”

जगतार सिंग श्यामकांतांचा पीएचडीचा विद्यार्थी होता. लोईतून त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आणि मिठाईचा डबा खाली पडला होता. पिन्नीचे लाडू फाटकापाशी घरंगळले होते.

सरोज धावली. वय साठीकडे आलेलं होतं, गुडघे दुखत होते, पण ती व्हरांड्यातून फाटकापर्यंत कशी पोचली हे तिला नंतर सांगता आलं नसतं. तिने त्याचा पायजमा फाडला. मांडीच्या बाहेरच्या बाजूला पुढे एक लहान भोक, मागे एक लहान भोक. रक्त वाहत होतं, पण उसळत नव्हतं. हाड शाबूत होतं. तिने लोईची घडी करून दोन्हीकडून दाबली.

“नीला, गाडी काढ! श्याम, हॉस्पिटलला फोन कर, गोळीचा पेशंट आणतोय म्हणून सांग.”

श्यामकांत खुर्चीमागे गवतावर पालथे पडले होते. ते उठले, आत गेले आणि त्यांनी फोन केला तो पोलिसांना. हॉस्पिटलचा फोन राहूनच गेला.

गाडी नीलाने काढली. ती गाडी शिकली होती, पण नवरा बाजूला असताना तिला कधी चालवू दिली जात नसे. मोटारसायकलवाला मुलगा, नरेश त्याचं नाव, जगतारचं डोकं धरून मागे बसला. जखमेवर दाब धरून सरोजही मागेच. समोरच्या कोठीवरून जाताना तिने पाहिलं, मेहंदीरत्तांचे दोन्ही गनमॅन पोर्चमधल्या बाजेखाली होते. एकाचे बूट बाहेर दिसत होते.

हॉस्पिटलात जगतारला आत नेलं, आणि सरोज रक्ताळलेल्या साडीने परत आली तेव्हा घरी पोलीस बसले होते. भागातल्या ठाण्याचा इन्स्पेक्टर सोफ्यावर चहा पीत होता. सतपाल भिंतीशी उभा होता.

“बधाई हो मॅडम,” इन्स्पेक्टर म्हणाला. “हमारे जवान ने अटॅक नाकाम कर दिया.”

“कोणता अटॅक?”

त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं. दोन अतिरेकी आले, त्यांनी गोळीबार केला, सतपालने उत्तर दिलं, एक जखमी होऊन पकडला गेला. हत्यार तिसऱ्या साथीदाराने पळवलं.

सरोज सतपालकडे वळली. “तू सांग. काय केलंस?”

सतपाल भिंतीपासून पुढे झाला. “मैंने एक ही गोली चलानी थी, मॅडम. एक ही खटका नीचे किया था. एसएलआर में तो…”

“एसएलआरमध्ये एक खटका खाली म्हणजे एकेक गोळी. हिच्यात पहिला खटका फवाऱ्याचा असतो, एकेक गोळीचा त्याच्या खाली. आमच्याकडे एका जवानाने याच चुकीने स्वतःचं पाऊल उडवलं होतं.” ती इन्स्पेक्टरकडे वळली. “हा तुमचा जवान. आणि त्या मुलाच्या लोईत पिन्नी होती.”

इन्स्पेक्टर हसला. “मॅडम, आप फौजी हैं, आप जानती हैं. एके का फायर चारों तरफ जाता है. किधर से आया, किधर गया, कोई नहीं बता सकता.”

सरोजला तो रविवार, ते पोहे आणि ते तिघं एकदम आठवले. दिवाणखान्यात शोभणारं अज्ञान इथे येऊन एका मुलाचा जीव घ्यायला बसलं होतं.

“चला,” ती म्हणाली. “उठा. चहा राहू द्या.”

तिच्या आवाजात काहीतरी असावं, कारण इन्स्पेक्टर उठला. ती त्याला फाटकाशी घेऊन गेली. “बोट घाला त्या भोकात. घाबरू नका, गार झालंय. पत्रा कुठल्या बाजूला वळलाय? रस्त्याच्या. म्हणजे गोळी आतून बाहेर गेली. आता तो सज्जा बघा. प्लास्टर इकडच्या बाजूने उडालंय. आता वळा आणि माझ्या भावाचं घर बघा. एक ओरखडा दाखवा. एक काच दाखवा. हे तुमचे अतिरेकी काय आकाशावर गोळ्या झाडत होते? चारों तरफ जाते म्हणे! गोळी जिथे तोंड असेल तिथेच जाते, साहेब. तोंड कुठे आहे हे बघणारा माणूस मूर्ख असला तर तो गोळीचा दोष नाही.”

इन्स्पेक्टरने खिशातून रुमाल काढून बोट पुसलं. मग तो तिच्याकडे न बघता व्हरांड्यात उभ्या असलेल्या श्यामकांतांकडे गेला. “सर, हमला तो आप पर था. आपने क्या देखा?”

श्यामकांतांनी सगळं पाहिलं होतं. मुलाला ओळखलं होतं. तो हसला तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठलेही होते. सरोजने ते पाहिलं होतं.

“सगळं इतकं अचानक झालं,” ते हिंदीत म्हणाले. “त्याने लोईत हात घातला. त्याच्या हातात काय होतं ते मला… नाही सांगता येणार.”

“श्याम!”

“ताई, मला जे दिसलं तेच मी सांगणार ना.”

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: इतिहासाच्या प्राध्यापकावरचा हल्ला जवानाच्या सावधगिरीने फसला. सकाळपासून फोन वाजत राहिला. राजाभाऊ आले, विलास आले, विद्यापीठातले लोक आले. श्यामकांत प्रत्येकाला फाटकापर्यंत नेऊन भोकं दाखवत आणि म्हणत, “एके होती म्हणून वाचलो.” कुणाची एके, ते सांगत नसत. ऐकणारेही विचारत नसत. तिसऱ्यांदा हे ऐकून नीला आत निघून गेली आणि तिने न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

सरोज हॉस्पिटलात जाऊन आली. जगतारचा पाय ठीक होता. पण उजवा हात पलंगाच्या लोखंडी दांडीला बेडीने अडकवलेला होता, आणि दारात दोन पोलीस. नरेशला हॉस्पिटलातून ठाण्यात नेऊन, पगडीवाला नाही म्हणून, रात्री सोडलं होतं. जगतारला सोडतील असं कुणी म्हणत नव्हतं. अतिरेक्यांविरुद्धच्या तेव्हाच्या कायद्यात वर्षं वर्षं जामीन नसे, आणि तेवढीही वाट बघायची नसेल तर पोलिसांकडे खोट्या चकमकीसारखे दुसरे उपाय होते. जगतारची आई गावाहून आली होती. तिला आत सोडत नव्हते. ती जिन्यात बसली होती.

घरी येऊन सरोज भावासमोर उभी राहिली. “तुझा विद्यार्थी आहे तो. तीन वर्षं तुझ्या हाताखाली आहे. तुला माहीत आहे तो काय करायला आला होता.”

“मला कसं माहीत असणार? आजकाल कुणाचं काय सांगता येतं?” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आता मी बदललं तर लोक काय म्हणतील? माझ्याच गनमॅनने माझ्याच विद्यार्थ्याला…”

“हो. तेच म्हणतील. तेच झालंय.”

श्यामकांतांनी मान फिरवली. ती खोलीबाहेर पडली. त्या दिवसापर्यंत तिने भावाला मूर्ख समजलं होतं, आणि मूर्ख माणसाबरोबर राहणं तिला जड नव्हतं. आयुष्यभर तिने डॉक्टरांबरोबर आणि कर्नलांबरोबर काम केलं होतं. हे वेगळं होतं. हे तिला जेवताना घशाखाली उतरेना.

मोठ्या पोलीस अधिकाऱ्याकडे ती आणि नीला दोघी गेल्या. नीलाने सरळ सांगितलं, “मुलाच्या हातात काही नव्हतं. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, मला दिसत होतं.” अधिकाऱ्याने सभ्यपणे ऐकलं, चहा विचारला, आणि प्रोफेसरसाहेबांचा जबाब वेगळा आहे असं सांगून त्यांना वाटेला लावलं.

गाडीत बसल्यावर नीला रडायला लागली. सरोजने तिला रुमाल दिला. मग म्हणाली, “नीला, खरं सांगून झालं. आता मेहंदीरत्तांकडे घे.”

“ते काय करणार, वन्सं?”

“ते स्वतःसाठी वाट्टेल ते करतील.”

न्यायमूर्ती मेहंदीरत्ता शाल पांघरून उन्हात बसले होते. सरोज त्यांच्यासमोर बसली आणि फार काळजीच्या सुरात म्हणाली, “जजसाहेब, आपण सुखरूप आहात ना? पेपरात वाचलं, अतिरेक्यांनी आपल्या कोठीवर गोळ्या झाडल्या. आणि लोक म्हणतायत, आपले दोन्ही गनमॅन त्या वेळी बाजेखाली होते. मी तर सांगते लोकांना, असं काही नाही म्हणून.”

मेहंदीरत्तांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. “माझ्या कोठीवर कुठला हल्ला? तुमच्या भावाच्या त्या अडाणी गनमॅनने माझी टाकी फोडली! दोन दिवस घरात पाणी नाही!”

“मग पोलिसांनी तसं का नाही लिहिलं? आता रेकॉर्डवर तर आपल्या कोठीवर हल्ला झाला आणि आपल्या माणसांनी एक गोळीही झाडली नाही असंच राहील.”

ती उठली तेव्हा त्यांनी फोन ओढलेला होता.

जगतार सुटला तो असा, पाण्याच्या टाकीमुळे आणि एका म्हाताऱ्याच्या अहंकारामुळे. दुसऱ्याच दिवशी वरचे अधिकारी आले, त्यांनी पत्रा पाहिला, सज्जा पाहिला, जांभळाखाली पडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या उचलल्या. इन्स्पेक्टर त्यांच्या मागून मान हलवत फिरत होता. संध्याकाळी बेडी निघाली. बातमीत ‘गैरसमजातून झालेला गोळीबार’ असं दोन ओळींत आलं. सतपालला पोलीस लाइनीत परत बोलावून चौकशी लावली. जाताना तो सरोजच्या पाया पडायला आला. तिने पाय मागे घेतले. “माझ्या नको. हॉस्पिटलात आहे तो, तिकडे जा,” ती म्हणाली. तो गेला की नाही, ते तिला कळलं नाही.

श्यामकांतांना दुसरा गनमॅन मिळाला नाही. पोलिसांनी कळवलं की आपल्याला विशेष धोका दिसत नाही. ते सुखना तळ्यावर जायचे बंद झाले. मंडळाचं हळदीकुंकू त्या वर्षी केंजळ्यांकडे होतं, तेव्हा सगळ्या बायका फाटकापाशी थांबून भोकांकडे बघत आणि काही न बोलता आत येत. श्यामकांतांनी पत्रा बदलून घेतला.

फेब्रुवारीच्या शेवटी खरडजवळच्या गावात जगतारच्या बहिणीचं लग्न झालं. पत्रिका पुन्हा आली, टपालाने, आणि तिच्यावर श्यामकांतांचंच नाव होतं. नीलाने ती त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून ठेवली. मग दोघी बायकाच गेल्या. गाडी नीलाने चालवली.

मोहरीची शेतं पिवळी झाली होती. रस्त्यात दोन ठिकाणी नाकाबंदी होती. पोलिसांनी आत डोकावून पाहिलं, दोन साड्या दिसल्या आणि जाऊ दिलं. मंडपात जगतार कुबडी घेऊन हिंडत होता आणि सगळ्यांना जेवायला बसवत होता. त्याच्या आईने सरोजचे दोन्ही हात धरले आणि पंजाबीत खूप काही सांगितलं, त्यातलं सरोजला निम्मं कळलं. मग तिने विचारलं, “प्रोफेसर साहब नहीं आए?”

नीला घाईघाईने म्हणाली, “उनकी तबीयत…”

“तबीयत ठणठणीत है,” सरोज म्हणाली. “आने की हिंमत नहीं थी.”

नीलाने डोळे मिटले. आजूबाजूच्या दोन-तीन बायका वाढता वाढता थांबल्या. जगतारच्या आईने सरोजकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्यामुळे सरोजला पुढचं वाक्य सुचेना. तोंडात वाक्य तयार नसण्याची तिला सवय नव्हती.

“तो आप ले आना,” ती बाई म्हणाली. “जगतार को अभी पढ़ाई पूरी करनी है. उन्हीं के पास.”

परतताना सरोज खिडकीतून शेतं बघत होती. नीलाने एकदोनदा तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे लक्ष दिलं. घरी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. श्यामकांत व्हरांड्यात बसले होते, समोर काहीच नव्हतं, पेपर नाही, पुस्तक नाही.

सरोज त्यांच्यापाशी थांबली. “तुला बोलावलंय.”

“कुणी?”

“जगतारच्या आईने. त्याचा पीएचडीचा गाईड तूच राहावास असं तिला वाटतं. माझं मत विचारू नकोस. तिचं सांगितलं.”

 सरोज आत जाऊन कपडे बदलून परत आली, तरी श्यामकांत तिथेच, तसेच बसले होते. तिने दिवा लावला, बाजूच्या खुर्चीत बसली आणि विणायला घेतलं.  शेवटी त्यांनी घसा खाकरून विचारलं, “चालता येतं त्याला?”

“कुबडी घेऊन,” ती म्हणाली, आणि वर न बघता टाके मोजत राहिली.